खिडकीची सीट कोणाची?

नगर जिल्ह्यात मुलांना जमिनीवरून उचलून फिरवून आणण्याची परंपरा नेवाशाच्या पैस खांबाइतकी जुनी आहे. शके १२१२ मध्ये ज्या ज्ञानदेवांनी नेवाशाला त्या खांबाला टेकून गीता मराठीत सांगितली, त्यांनीच निवृत्ती, सोपान आणि धाकट्या मुक्ताईला शेजारी बसवून भिंत चालवली. समोरून चांगदेव वाघावर बसून येत होते. भिंत आळंदीची असली, तरी या कथेतला निम्मा ऐवज नगर जिल्ह्याने आपल्याकडे राखून ठेवला आहे: ग्रंथ नेवाशाला झाला आणि चांगदेवांची समाधी पुणतांब्याला आहे. भिंत जमिनीपासून किती वर होती, हे कोणत्याही कीर्तनात सांगत नाहीत. पण चार भावंडांना एका खेपेत नेणारं, इंधन न लागणारं आणि वेळेवर पोचलेलं वाहन म्हणून तिचा विक्रम अजून अबाधित आहे.

त्यानंतर जिल्ह्याला बरीच वाट पाहावी लागली.

मधल्या काळात नगरच्या मुलांनी दुसरंच काही पाहिलं. शहरात लष्कराचं आर्मर्ड कोअर सेंटर आहे. १९९४ मध्ये सुरू झालेल्या रणगाडा संग्रहालयात पहिल्या महायुद्धापासूनचे रणगाडे ओळीने उभे आहेत. शाळेची सहल तिथे जातेच. त्यामुळे तोफेच्या नळीखाली उभं राहून दात काढत फोटो काढलेलं, पण विमानाच्या पायरीला कधी हात न लागलेलं मूल ही या शहराची खासियत म्हणायला हरकत नाही. २०१४ मध्ये मुळा धरणाच्या पाण्यावर मुंबईहून आलेलं सीप्लेन उतरलं. शिर्डी आणि शनिशिंगणापूरच्या भाविकांची सोय व्हावी, हा हेतू होता. विमान पाण्यात उतरतं ही बातमी ऐकून जुन्या माणसांनी ‘पडलं का?’ एवढंच विचारलं असणार. सेवा काही टिकली नाही. धरण पुन्हा शेतीच्या आवर्तनांकडे वळलं.

मग १ ऑक्टोबर २०१७ रोजी कोपरगाव तालुक्यातल्या काकडी गावात राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते शिर्डी विमानतळाचं उद्घाटन झालं आणि जिल्ह्याला स्वतःचं विमान मिळालं. स्वतःचं म्हणजे दिसण्यापुरतं. हैदराबाद, चेन्नई, बंगळुरूहून साईभक्त भरून येतात, दर्शन घेतात आणि परत जातात. आसपासच्या उसात उभं असलेलं पोर विमानाचं पोट, चाकं आणि पंखांची खालची बाजू ओळखतं. वरची बाजू त्याने फक्त मोबाइलवर पाहिलेली असते. विमानतळानेही गावकीचे सगळे अनुभव घेतले आहेत. २०१९ च्या नोव्हेंबरात धुरकट हवेमुळे उड्डाणं बंद पडली ती दिवसच्या दिवस. रात्री विमान उतरवण्याची सोय व्हायला २०२५ चा मार्च उजाडला. दरम्यान काकडीच्या ग्रामपंचायतीने थकलेल्या करापोटी कोट्यवधींची मागणी करून विमानतळाला नोटीस काढली. आंतरराष्ट्रीय स्वप्नं पाहणाऱ्या धावपट्टीला ग्रामसेवकाचा कागद हातात घ्यायला लावणारी ही लोकशाही मोठी गोड आहे.

अशा जिल्ह्यातल्या माणसाला अमेरिकेतल्या ‘यंग ईगल्स’ची, म्हणजे मुलांना छोट्या विमानातून फुकट फिरवून आणणाऱ्या उपक्रमाची, हकिगत सांगितली, तर त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘आणि पैसे कोण देतं?’

उत्तर असं की, वैमानिक स्वतः देतो. विस्कॉन्सिन राज्यात ऑशकॉश नावाचं गाव आहे. तिथे एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन या संघटनेचं मुख्यालय आहे. पॉल पोबरेझ्नी यांनी ती १९५३ मध्ये काढली, ती घरच्या घरी विमान बांधणाऱ्या हौशी लोकांसाठी. (आपल्याकडे हे खूळ नाही असं समजू नये. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं. २०१७ मध्ये त्याची रीतसर नोंदणी झाली आणि २०२० मध्ये धुळ्याला ते उडालंही. ज्या महाराष्ट्रात गच्चीवर पापड वाळत घालायलाही सोसायटीच्या चिटणिसाची परवानगी लागते, तिथे विमान वाळत घालणं हा स्वतंत्र पराक्रम आहे.) ऑशकॉशच्या या संघटनेने १९९२ मध्ये ठरवलं की, ज्यांच्याकडे छोटी विमानं आहेत अशा सभासदांनी आठ ते सतरा वयाच्या मुलांना एकेक फेरी फुकट मारून आणावी. राइट बंधूंच्या उड्डाणाला १७ डिसेंबर २००३ रोजी शंभर वर्षं होणार होती. तोवर दहा लाख मुलं हा आकडा गाठायचा होता. तो गाठला. सरकारी योजना नसल्यामुळे मुदतवाढ मागावी लागली नाही.

फेरी पंधरा-वीस मिनिटांची. मुलाने आईवडिलांच्या सहीचा कागद आणायचा, विमानाभोवती वैमानिकाबरोबर एक प्रदक्षिणा घालायची, इंधन, चाकं, पंखांच्या झडपा ठीक आहेत का ते पाहायचं, बसायचं, उडायचं, उतरायचं. मग प्रमाणपत्र आणि फोटो. त्यानंतर मुलाचं नाव संघटनेच्या ‘जगातल्या सगळ्यांत मोठ्या लॉगबुका’त चढतं. वैमानिकाला मिळतं काय? पेट्रोलचं बिल. शिवाय मुलांबरोबर कसं वागावं याचं ऑनलाइन प्रशिक्षण आणि स्वतःच्या चालचलणुकीची तपासणी.

माणसं हे का करत असतील, याचं उदात्त उत्तर संघटनेच्या पत्रकात असतंच. खरं उत्तर अमेरिकी वैमानिकांच्या एका जुन्या विनोदात आहे. त्यांच्यात ‘शंभर डॉलरचा हॅम्बर्गर’ प्रसिद्ध आहे: पाच-दहा डॉलरचा बर्गर खायला विमान काढून शेजारच्या धावपट्टीवर जायचं आणि इंधनासह तो शंभराला पाडून घ्यायचा. नवी बुलेट घेतलेल्या नगरकराला रविवारी सकाळी अचानक सुप्याला जाऊन चहा प्यायची तल्लफ येते, तसलाच हा प्रकार. हँगरमध्ये विमान आहे, शनिवार मोकळा आहे, आणि घरी सांगायला सबब नाही. अशा माणसाला कुणी येऊन म्हणालं, ‘गरीब बिचाऱ्या मुलांना जरा फिरवून आणाल का?’, तर तो नाही कसा म्हणणार? बर्गरपेक्षा ही सबब बायकोपुढे कितीतरी भक्कम.

या उपक्रमाच्या मानद अध्यक्षांची यादी वाचली की आईबापांच्या धैर्याचं कौतुक वाटतं. एक अध्यक्ष होते चक येगर, १९४७ मध्ये आवाजाहून जास्त वेगाने विमान नेणारे पहिले वैमानिक. ज्यांच्या मागून आवाज येतो अशा माणसाच्या स्वाधीन मूल करायचं. २००४ मध्ये आले हॅरिसन फोर्ड, ‘इंडियाना जोन्स’वाले. त्यांनी स्वतः कित्येक मुलांना फिरवलं. पुढे मार्च २०१५ मध्ये त्यांच्या जुन्या बनावटीच्या विमानाचं इंजिन बंद पडलं आणि ते कॅलिफोर्नियातल्या एका गोल्फच्या मैदानावर उतरले. जायबंदी झाले, सावरले, आणि जुलै २०१६ मध्ये ऑशकॉशला विसाव्या लाखातलं शेवटचं मूल त्यांनीच हवेत नेलं. सात महिन्यांनी ते धावपट्टी सोडून शेजारच्या टॅक्सीवेवर उतरले, तो भाग वेगळा. फोर्ड यांच्यानंतर २००९ मध्ये अध्यक्षपद मिळालं चेस्ली सलनबर्गर आणि जेफ स्काइल्स या जोडीला. त्याच वर्षी १५ जानेवारीला, पक्षी धडकून दोन्ही इंजिनं गेल्यावर, या दोघांनी १५५ माणसांचं विमान न्यूयॉर्कच्या हडसन नदीत उतरवलं होतं आणि सगळे वाचले होते. म्हणजे एक ध्वनीच्या पलीकडे गेलेला, एक गोल्फच्या मैदानात उतरलेला, दोन नदीत उतरलेले. ‘विमानप्रवास किती सुरक्षित असतो’ हे पटवून द्यायला याहून अनुभवी मंडळी मिळणं कठीण होतं.

छोट्या विमानाची एक अडचण मोठ्या विमानात कळत नाही. चार आसनी सेस्ना कागदावर चार जणांची असते, पण टाकी पूर्ण भरली आणि चारही माणसं खात्यापित्या घरची असली, तर वजनाचं गणित जमत नाही. म्हणून वैमानिक प्रत्येक मुलाला आधी वजन विचारतो. हा प्रश्न अमेरिकेत नाजूक समजतात. आपल्याकडे त्याचं उत्तर मुलाऐवजी आई देईल आणि ते किलोत नसेल: ‘काय खातच नाही हो साहेब, अंगाला काही लागत नाही त्याच्या.’ इंधनाचा हिशेब या उत्तरावर कसा बसवायचा, हे वैमानिकाने आपलं आपण पाहावं.

वजनाच्या या भानगडीनेच एका पोराचं नाव इतिहासात गेलं. २४ जून १७८४ रोजी बाल्टिमोरला पीटर कार्न्स नावाच्या गृहस्थांनी स्वतः तयार केलेला गरम हवेचा फुगा लोकांपुढे आणला. फुगा तयार, गर्दी तयार, पण कार्न्स यांचा देह फुग्याला उचलेना. तेव्हा गर्दीतला तेरा वर्षांचा एडवर्ड वॉरन म्हणाला, मी बसतो. दोरीला बांधलेला फुगा त्याला घेऊन वर गेला आणि सुखरूप खाली आला. अमेरिकेत हवेत गेलेला पहिला माणूस हा असा एक पोरगा निघाला. मोठ्यांचं पोट आडवं आलं म्हणून. त्याच्या आदल्या वर्षी फ्रान्समध्ये माँगोल्फिए बंधूंनी मेंढी, बदक आणि कोंबडा पाठवून अंदाज घेतला होता. अमेरिकेच्या बाजूने पाहिलं तर हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे: आधी मेंढी, मग मूल, मग परिस्थिती पाहून मोठी माणसं.

अशा फेऱ्यांतून पुढे काय होतं, असं विचारलं की दोन नावं सांगायची पद्धत आहे. जे. आर. डी. टाटा पंधराव्या वर्षी फ्रान्सच्या किनाऱ्यावर एका विमानात हौसेने बसले. १९२९ मध्ये ते भारतातले पहिले परवानाधारक वैमानिक झाले. १५ ऑक्टोबर १९३२ ला ते कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले आणि देशाला विमान कंपनी मिळाली. कल्पना चावला यांना आणि त्यांच्या भावाला वडिलांनी कर्नालच्या फ्लाइंग क्लबात नेऊन पुष्पक विमानात आणि ग्लायडरमध्ये बसवलं होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मात्र ज्या लाखो मुलांनी फेरी मारली, भरपूर मजा केली आणि पुढे बँकेत नोकरी धरली, त्यांचा उल्लेख कुठल्या भाषणात होत नाही. त्यांची मजा काय कमी होती?

भारतात हौशी माणसांनी हे काम आपल्या पद्धतीने केलं आहे. त्यातला शिरोमणी म्हणजे दिल्लीचे बहादूरचंद गुप्ता. इंडियन एअरलाइन्समधून निवृत्त झालेल्या या अभियंत्याने २००३ च्या सुमारास एक मोडीतलं एअरबस ए-३०० विकत घेतलं आणि दिल्लीच्या उपनगरात जोडून उभं केलं. एकच पंख, इंजिन नाही, शेपटीचाही काही भाग गायब. शे-दीडशे रुपयांत लोक आत बसत. पट्टे बांधणं, सूचना, हवाई सुंदऱ्या, खाणंपिणं, ‘आता आपण खराब हवेतून जात आहोत’ ही घोषणा, सगळं व्हायचं. शेवटी विमान उतरायचंही, ते दिल्लीलाच. एकदाही उशीर नाही, एकदाही सामान हरवलं नाही. ज्यांना तिकीट परवडत नाही अशी माणसं आणि शाळेची पोरं तिथे येत आणि खूश होऊन जात. विमान कंपन्यांनी अभ्यास करावा अशी ही सेवा होती.

पुण्यात हडपसरला ग्लायडिंग सेंटर होतं आणि तिथे अनेक मराठी मुलांची पहिली भरारी झाली. तारेने खेचून ग्लायडर वर सोडायचं, मग इंजिनाविना वर राहायचं. गरम हवेचा झोत कुठे आहे, हे घारींना जास्त कळतं. फुरसुंगीच्या कचरा डेपोवर त्या भरपूर. त्यांच्या मागोमाग घिरट्या घालायच्या. शहराच्या कचऱ्याचा एवढा उदात्त उपयोग महापालिकेच्या कुठल्याच अहवालात नोंदलेला नसेल.

राउंड टेबल इंडियाची मंडळी ‘फ्लाइट ऑफ फँटसी’ नावाने अनाथाश्रमातल्या आणि गरीब घरातल्या मुलांना नेहमीच्या प्रवासी विमानातून नेऊन आणतात. हरियाणातल्या सारंगपूरच्या एका तरुण वैमानिकाने २०१८ मध्ये उलटच केलं: मुलांऐवजी गावातल्या सत्तरीपुढच्या बावीस म्हाताऱ्यांना विमानाने अमृतसर दाखवून आणलं. लहानपणी जे राहून गेलं, ते त्यांनी काठी टेकत वसूल केलं.

आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांचा मार्ग मात्र स्वतंत्र आहे. खासगी वैमानिक नाही, छोटं विमान नाही. आहेत ते गुरुजी. शिष्यवृत्तीत चमकलेल्या मुलांना इस्रोला न्यायचं, किंवा लोकवर्गणी काढून आख्खा वर्ग मुंबईला न्यायचा, असे बेत राज्यभर होतात. पुणे जिल्हा परिषदेने तर २०२५ मध्ये आयुका संस्थेच्या मदतीने परीक्षा घेऊन पंचवीस मुलं थेट नासाला पाठवायला निवडली. बजेट बेताचं असेल तर ‘जाताना विमान, येताना रेल्वे’ हा सुवर्णमध्य निघतो. पोरांच्या मते तो तोट्याचा नसतोच, कारण रेल्वेत निदान उठून फिरता येतं.

अशी सहल उडण्याच्या महिनाभर आधीच जमिनीवर सुरू होते. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, गटशिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी, पालकांची सभा, आधार कार्डांच्या झेरॉक्स. एखाद्या कार्डावर मुलाच्या नावात ‘बाळू’ आणि शाळेच्या दाखल्यावर ‘बाळासाहेब’ निघतो, आणि विमानतळावरचा जवान दोघांनाही ओळखत नाही. सभेत एक वडील हमखास विचारतात, ‘सर, एष्टीनं पाच तासात जाता येतंय की, मग कशाला?’ या प्रश्नाला शिक्षणशास्त्रात उत्तर नाही. मग फ्लेक्स लागतो. त्यात सरपंच, उपसरपंच आणि मार्गदर्शक यांचे चेहरे धावपट्टीएवढे, खाली विमान, आणि विमानाच्या शेपटीपाशी मुलं. निघण्याच्या दिवशी गाडीपुढे नारळ फुटतो, हिरवा झेंडा दाखवला जातो.

नारळ मात्र गाडीपुढेच फुटलेला बरा. विमानात शिलकीतला नारळ हातातल्या पिशवीतून नेता येत नाही. सुक्या खोबऱ्याच्या तेलाला आग लवकर लागते, म्हणून हवाई सुरक्षावाले त्याच्याकडे संशयाने पाहतात. शबरीमलाच्या यात्रेकरूंसाठी २०२२ मध्ये तात्पुरती सवलत द्यावी लागली, तेव्हा कुठे त्या मोसमापुरता तो केबिनमध्ये बसला. शिर्डीसारख्या ठिकाणी हा नियम पाळून घेणाऱ्या जवानाच्या श्रद्धेची रोज परीक्षा होत असणार. शाळेच्या सहलीत नारळाच्या जोडीला कंपासपेटीतलं कर्कटकही अडकतं. ज्या मुलाने पाचवीपासून ते कधी भूमितीसाठी वापरलं नाही, फक्त बाकावर नाव कोरायला वापरलं, त्याच्या हाती टोकदार हत्यार आहे हे पहिल्यांदा सरकारच्या लक्षात येतं.

आत शिरल्यावर खरा पेच उभा राहतो तो खिडकीचा. विमानात खिडकीची आसनं एक तृतीयांश, मुलं चाळीस, शिक्षक चार. पटावरच्या क्रमांकाने, उंचीने, गुणांनी की अर्ध्या अर्ध्या वाटेने, यावर आदल्या दिवशी बैठक झालेली असते. प्रत्यक्षात खिडकीशी बसलेले आढळतात ते एक सर. ‘मुलांना वर गेल्यावर भीती वाटते, म्हणून बसलो’, हे त्यांचं म्हणणं. नोकरीला वीस वर्षं झाली तरी सरही कधी विमानात बसलेले नसतात, हे कुणी बोलून दाखवत नाही. ऑशकॉशच्या वैमानिकाला जशी मुलांची सबब लागते, तशीच ती इकडे गुरुजींना, सरपंचांना आणि ‘देखरेखीसाठी’ आलेल्या केंद्रप्रमुखांनाही लागते.

मुलं तुलनेने लवकर सरावतात. विमान उठताना एक सामुदायिक ‘ओऽऽ’ होतो, एखाद्याचे कान बंद होतात. मग पाचव्या मिनिटाला ठरलेला प्रश्न येतो: ‘सर, आपलं घर दिसतंय का?’ खाली उसाचे चौकोन, प्लॅस्टिक अंथरलेली शेततळी, कालव्याची रेघ. एक मुलगा छातीठोकपणे म्हणतो, ते आमचंच शेततळं. दुसरा म्हणतो, हट, ते आमचं. विमान तोवर जिल्ह्याची हद्द ओलांडून गेलेलं असतं, पण वाद उतरेपर्यंत चालतो. नंतर सगळं लक्ष पुढच्या जाळीतल्या पिशवीवर जातं. उलटी करायला इतकी चांगली कागदी पिशवी देतात, हे कुणाच्या मनाला पटत नाही. ती बहुतेक जण घडी करून घरी नेतात.

परतल्यावर ‘माझा पहिला विमानप्रवास’ हा निबंध सर्वांना सक्तीचा असतो. गुरुजींची अपेक्षा ढगांची, निळ्या आकाशाची आणि ‘मीही वैमानिक होणार’ या शेवटाची. मुलं लिहितात ते वेगळंच: पाण्याची बाटली केवढ्याला होती, शौचालयातलं पाणी कसं भस्सकन जातं, ताई दार दाखवत होती पण कुणी बघत नव्हतं. एखादी मुलगी प्रामाणिकपणे लिहून जाते की, विमान खाली येताना खिडकीतल्या सरांनी डोळे मिटून पुढच्या सीटची दांडी धरली होती आणि ते हळू आवाजात काहीतरी म्हणत होते. निबंध उत्तम असतो, अक्षरही सुवाच्य असतं. भित्तिपत्रकावर लावण्याआधी तिला फक्त एक परिच्छेद वगळून तो पुन्हा लिहून आणायला सांगितलं जातं.